नाडी नसलेला आवाज

फोन वाजला तेव्हा इंदुमती कोष्टी एका साडीला फॉल लावत होत्या. नंबर ओळखीचा नव्हता. त्यांनी ओठांत धरलेली टाचणी काढून बाजूला ठेवली, शिकवल्याप्रमाणे फोन त्या चपट्या पांढऱ्या खोक्यावर ठेवला आणि मगच कॉल घेतला.

"आई, मी तृप्ती बोलतेय."

सुई कापडातच राहिली. लग्न करून गेल्यापासून लेकीचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. निदान खरा तरी नाही. हा आवाज तसाच होता, 'आई' म्हणताना शेवटी जरा खाली उतरणारा. फक्त थकलेला वाटत होता.

"आई, ऐकतेयस ना? मी पुण्यात आहे, दवाखान्यात. तू एकदा ये ना."

खोक्यावरचा पिवळा दिवा काही क्षण लुकलुकला आणि लाल झाला.

इंदुमतींनी फोन बंद केला. तो लगेच पुन्हा वाजला. "आई, ठेवू नकोस, माझं ऐक तरी." पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी त्या दिव्याकडे टक लावून बसल्या आणि मनातल्या मनात म्हणाल्या, हिरवा हो. दिवा लालच झाला. त्यांनी फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. रडू आलं नाही, रागच आला. आपल्या लेकीचा आवाज चोरून कुणीतरी तो पुन्हा पुन्हा आपल्यावरच फेकतंय, याचा राग.

कारण असं एकदा घडून गेलं होतं.

आदल्या वर्षी हे खोकं नव्हतं. तेव्हाही तृप्तीचाच आवाज आला होता, रडत, पोलिसांनी पकडलंय म्हणून सांगत. मग फोनच्या पडद्यावर वर्दीतला एक माणूस आला. त्याच्या मागे झेंडा होता, भिंतीवर राजमुद्रा होती. तो म्हणाला की चौकशी पूर्ण होईपर्यंत तुम्हीही कोठडीत आहात, तुमची खुर्ची हीच तुमची कोठडी. कॅमेरा चालू ठेवायचा, जागेवरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, नाहीतर मुलीचं काही खरं नाही. घराचे कागद कुठे ठेवलेत ते त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं. सकाळपासून घोटभर पाणीही न पिता त्या खुर्चीतच बसून होत्या.

त्यांना सोडवलं ते समोरच्या फुलवाल्या सुगंधाबाईंनी आणि हवालदार शाहीन मुजावरनं. भर दुपारी इंदुमतींच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं सुगंधाबाईंनी पाहिलं. आत माणूस आहे, पण हाक मारली तर उत्तर नाही. असं दिसलं की आधी ठाण्यात कळवायचं, हे शाहीननं गल्लीतल्या बैठकीत सांगितलं होतं, आणि त्यांनी कळवलं. शाहीन शटरखालून वाकून आत आली. ओठांवर बोट ठेवून तिनं इंदुमतींच्या हातातला फोन घेतला, कापडाच्या कात्रणांच्या ढिगात खोल खुपसला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मावशी, पोलीस कुणाला फोनवर अटक करत नाहीत. मी खरी पोलीस आहे. हात लावून बघा."

इंदुमतींनी खरंच तिच्या बाहीला हात लावला. जाडं, घामानं ओलसर झालेलं खाकी कापड होतं ते. मग त्या रडल्या.

तृप्ती मुलांना गणित शिकवण्याचे व्हिडिओ करत असे. चोरांनी तिचा आवाज तिथूनच उचलला होता. खरी तृप्ती त्या वेळी कुठे होती, हे इंदुमतींना माहीत नव्हतं. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं, निखिल वाघमारे नावाच्या मुलाशी. इंदुमती लग्नाला गेल्या नव्हत्या आणि त्यानंतर एकमेकींना फोन करायचं दोघींनीही टाळलं होतं. पुढे तृप्तीचा नंबरही बदलला.

ती घटना झाल्यावर काही महिन्यांतच राज्याचं नवं सायबर गुन्हे प्रतिबंध धोरण आलं. कागद बराच जाड होता. पुष्कळ ठिकाणी त्यातून चौकाचौकांत फलक लागले, शाळांत भाषणं झाली आणि विषय संपला. नांदवलीच्या ठाण्याचे निरीक्षक भंडारे यांनी मात्र तो कागद दोन सुट्ट्यांत बसून वाचला आणि सकाळच्या हजेरीला आपल्या माणसांना एवढंच सांगितलं, "यात शंभर गोष्टी आहेत. आपण एक नीट करू. यंत्र सांगेल, पण जायचं माणसानं."

यंत्र म्हणजे त्या धोरणातून घरोघर आलेलं ते पांढरं खोकं. सरकारी नाव लांबलचक होतं, लोक त्याला कानोसा म्हणत.

कानोशामागची कल्पना साधी होती. माणसाचं हृदय दर ठोक्याला रक्ताची एक लाट पुढे ढकलतं. ती लाट मानेतून वर जाताना गळ्यातल्या स्वरतंतूंना किंचित ताण देते आणि आवाजाची पट्टी केसभर वर जाऊन परत खाली येते. कानाला हे कळत नाही, पण गणिताला कळतं. म्हणजे प्रत्येक बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात त्याची नाडी असते. संगणकानं घडवलेल्या आवाजात ती नसे. पुढे चोरांनी आवाजात खोटे ठोके मिसळायला सुरुवात केली, तेव्हा शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट पकडली. श्वास घेताना आपली नाडी जरा जलद होते, सोडताना मंदावते. खोटे ठोके श्वासाशी असं जुळवून घेत नसत. नव्या फोनजाळ्यात आवाज पूर्वीसारखा कापून-छाटून येत नसल्यामुळे हे सगळं एका स्वस्त खोक्यात बसलं. खोकं शब्द ऐकत नसे, साठवत नसे. नाडी सापडली की हिरवा दिवा, नाही सापडली की लाल. लाल लागला की कुठल्या घरी आणि कुठल्या नंबरवरून, एवढीच बातमी ठाण्यात जाई.

इंदुमतींच्या दुकानात खोकं शाहीननंच बसवून दिलं होतं. "मावशी, लाल म्हणजे समोर माणूस नाही," तिनं बजावलं होतं. "पोटच्या पोरीचा आवाज असला तरी फोन ठेवून द्यायचा. बाकीचं मी बघते."

त्या दिवशीही ती आली. मोटारसायकल लावून, टोपी काढून पायरीवर इंदुमतींच्या शेजारी बसली.

"काय मागितलं, मावशी?"

"काही नाही."

"कागद? दागिने? फोनवर आलेला ओटीपी?"

"नाही म्हटलं ना. 'ये' म्हणाली. पुण्याला दवाखान्यात ये."

"आणि तिन्ही वेळा तोच नंबर?"

"तोच."

शाहीनला ते खटकलं. चोर एकदा ओळखले गेले की त्याच नंबरवरून पुन्हा फोन करत नाहीत, आणि काही न मागता कुणी बोलावत नाही. पण एकट्या बाईला गावाबाहेर काढून घर साफ करण्याचाही डाव असू शकतो. "मी चौकशी करते," ती म्हणाली. "तोवर अनोळखी नंबर उचलू नका."

ती गेल्यावर दुसऱ्याच एका नंबरवरून फोन आला. बराच वेळ वाजत राहिला. इंदुमतींनी उचलला नाही.

ठाण्यात शाहीननं संगणकावर नोंद उघडली. 'खोटा आवाज, नुकसान नाही' एवढं निवडलं की प्रकरण मिटणार होतं. शेजारच्या ठाण्यांत रोज तेच होत असे आणि त्यात कुणाची चूकही म्हणता आली नसती. तिनं भंडाऱ्यांना सगळं सांगितलं.

"तू जाऊन आलीस?" त्यांनी विचारलं.

"हो सर. मावशी ठीक आहेत."

"ते या टोकाचं झालं. आवाज जिथून आला त्या टोकाला कोण गेलं?"

"तिकडे पुण्यात? तिथे तर यंत्र बोलत असणार, सर."

"असणार की आहे?"

शाहीन उठून संगणकाकडे गेली. नंबर कुठून चालू आहे याची माहिती तिनं मागवली. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. तिन्ही फोन पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयातून, एकाच मजल्यावरून झाले होते. त्या भागातल्या चौकीत तिच्याबरोबर प्रशिक्षण घेतलेला ढोले होता. तिनं त्याला गळ घातली. सकाळी कामावर येतानाच तो तिथे गेला.

त्याचा फोन आला तेव्हा शाहीन चहा घेत होती.

"शाहीन, पोरगी खरी आहे," ढोले म्हणाला. "तृप्ती वाघमारे, माहेर नांदवली, आईचं फॉल-पिकोचं दुकान. मी तिच्यासमोर उभा आहे."

"मग लाल दिवा कसा लागला?"

"मलाही कळेना. सिस्टरला विचारलं, तर तिनं पेशंटचा हात माझ्या हातात दिला. म्हणाली, नाडी बघा. मी मनगटाला बघितलं, मानेला बघितलं. नाही सापडली. आणि ती पोरगी तेवढा वेळ माझ्याशी बोलत होती."

शाहीननं कप खाली ठेवला.

मग ढोलेनं फोन तिथल्या डॉक्टरबाईंकडे दिला. त्यांनी समजावून सांगितलं. बाळंतपणानंतर काही थोड्या बायकांच्या हृदयाचा स्नायू सैल पडतो. तृप्तीचा इतका पडला की हृदयाला रक्त ढकलता येईना. म्हणून त्यांनी तिच्या छातीत एक छोटा पंप बसवला होता. तो हृदयासारखा ठोके देत नाही. त्यातलं चाक अखंड फिरत राहतं आणि रक्त नळाच्या धारेसारखं एकसंध वाहतं. लाट नाही, म्हणून नाडी नाही. माणूस जेवतो, चालतो, बोलतो, मुलांना गणित शिकवतो, पण मनगटाला बोट लावलं तर काहीच लागत नाही. आता त्या पंपात रक्ताची गुठळी झाली होती. तो काढून दुसरा बसवायचा होता. शस्त्रक्रिया उद्याच करायची ठरली होती, आणि ती जोखमीची होती.

"आईला एकदा भेटायचं म्हणते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काल तिनं तीनदा फोन केला. आई ऐकताच ठेवून देते म्हणाली. नंतर तिच्या नवऱ्यानं केला, तो उचललाच नाही. तेव्हापासून ती जेवलेली नाही."

शाहीननं फोन ठेवला. खोकं खोटं बोललं नव्हतं. त्याला एवढंच विचारलं होतं की या आवाजात नाडी आहे का, आणि त्यानं नाही म्हणून खरं सांगितलं होतं. नाडी नाही म्हणजे समोर माणूस नाही, हे पुढचं वाक्य माणसांनी जोडलं होतं. इंदुमतींच्या दुकानात तर ते शाहीननं स्वतः, स्वतःच्या तोंडानं जोडलं होतं.

तिनं दुकानात जाऊन सगळं सांगितलं. इंदुमतींनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"लाल म्हणजे माणूस नाही. तुम्हीच म्हणालात."

"मी चुकीचं सांगितलं, मावशी."

"आणि आता चुकीचं सांगत नाही कशावरून?" त्यांचा आवाज चढला नाही. "तो ढोले तुमच्याशी फोनवरच बोलला ना? तो तरी खरा कशावरून? तुमच्या खोक्यावर त्याचा दिवा हिरवा आला असेल. पण त्याला तरी कुणी फसवलं नसेल कशावरून? आता फोटो दाखवाल, तोही खोटा असू शकतो. तुम्हीच शिकवलंत सगळं."

पुरावा म्हणून शाहीन जे काही पुढे करणार, ते खोटं कसं असू शकतं हे तिनंच या बाईला घोकून घोकून शिकवलं होतं.

"मी तुम्हाला पटवत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी तुमच्याबरोबर येते. डोळ्यांनी बघू. नसली तर तुम्हाला परत घरी आणून सोडते."

भंडाऱ्यांना तिनं फोनवर विचारलं. ते म्हणाले, "धोरणात 'खात्री होईपर्यंत' असं लिहिलंय. खात्री पुण्यात होणार असेल तर पुण्याला जा. दुपारच्या बंदोबस्ताचं मी बघतो."

एसटीत इंदुमती खिडकीशी बसल्या. कराड मागे पडलं. मग त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "खोटं निघालं तर बरं होईल. म्हणजे तिला काही झालेलं नाही, कुठंतरी सुखात आहे. आणि खरं निघालं तर ती मरणाच्या दारात आहे, पण मला बोलावतेय. मला काय हवंय तेच कळत नाही बघा."

शाहीननं पाण्याची बाटली पुढे केली.

"लग्नाला गेले असते तर काय बिघडलं असतं?" इंदुमती म्हणाल्या. "लोक चार दिवस बोलले असते. मी गेले नाही तरी बोललेच. मुलगा कसा आहे ते मी बघितलंसुद्धा नाही. आडनाव ऐकलं आणि उठले."

"आज बघाल," शाहीन म्हणाली.

रुग्णालयाच्या त्या मजल्यावर एक सडपातळ तरुण तान्ह्या मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. दाढी वाढलेली, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग. खाकी वर्दी आणि तिच्याबरोबरची बाई पाहून तो थबकला. त्यानं इंदुमतींना कधी पाहिलं नव्हतं, पण तृप्तीचं नाक कुठून आलं ते त्याला तिथेच कळलं असावं.

"आई आलात," तो एवढंच म्हणाला. रस्ता कसा होता, फोन का ठेवला, काही विचारलं नाही. "ती जागी आहे. या."

तृप्ती उशीला टेकून बसली होती. गालाची हाडं वर आली होती. कमरेच्या पट्ट्यात दोन बॅटऱ्या होत्या आणि पोटातून निघालेली एक वायर त्यांना जोडलेली होती. आईला बघून ती हसली नाही.

"तीनदा ठेवलास," ती म्हणाली.

"तुझ्या आवाजाला नाडी नाही म्हणत होतं ते खोकं."

"नाहीचेय."

इंदुमती पुढे झाल्या. तिचं मनगट धरलं, चाचपलं, सोडलं. मग वाकून त्यांनी लेकीच्या छातीला कान लावला. ठोका नव्हता. आत कुठेतरी खोल एक बारीक, न थांबणारी घरघर चालली होती. त्यांनी डोळे मिटले आणि कान तसाच ठेवला. तृप्तीचा हात हळूहळू त्यांच्या केसांवर आला.

"आवाज येतोय?" तिनं विचारलं.

"येतोय."

"तो चालू आहे म्हणून मी आहे."

"मग मला आवडला," इंदुमती म्हणाल्या.

शाहीन दाराबाहेर उभी होती. ती आत गेली नाही. ढोले तिला भेटायला आला होता. दोघं खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पंप बदलला. शस्त्रक्रिया लांबली, मधेच रक्त मागवावं लागलं. निखिल आणि इंदुमती बाकावर शेजारी शेजारी बसले होते आणि मुलगी, सई, आळीपाळीनं दोघांच्या मांडीवर झोपत होती. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी हसून नुसती मान डोलावली, तेव्हा निखिल खाली वाकून इंदुमतींच्या पाया पडला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. इंदुमतींनी त्याला उठवून जवळ घेतलं.

त्या पुण्यातच राहिल्या. वायर जिथे पोटातून बाहेर येते तिथलं ड्रेसिंग कसं करायचं, बॅटरी बदलताना दोन्ही एकदम का काढायच्या नाहीत, हे त्या निखिलकडून शिकल्या. तो बायकोचं ड्रेसिंग करताना त्या बघत राहत. एकदा त्यांनी तृप्तीला म्हटलं, "तुझ्या बाबांनी मला कधी पाण्याचा तांब्या दिला नाही." तृप्ती म्हणाली, "म्हणून तर हा नवरा बघून घेतला."

नांदवलीला परत आल्यावर त्यांच्यासमोर नवाच प्रश्न होता. तृप्ती रोज फोन करायची आणि खोकं रोज लाल व्हायचं. आता लाल दिव्यासमोर बसून बोलायचं होतं, आणि खरी कोण, खोटी कोण, ते स्वतःच ठरवायचं होतं. एकदा तोच आवाज आला आणि घाईघाईनं घराचे कागद मागू लागला. इंदुमती म्हणाल्या, "बरं, मीच घेऊन येते, रात्रीच्या गाडीनं. तू घरीच आहेस ना?" पलीकडून फोन बंद झाला. त्यांनी ती गोष्ट शाहीनला सांगितली तेव्हा त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा समाधानच जास्त होतं.

शाहीननं या प्रकरणाचा अहवाल लिहिला होता. भंडाऱ्यांनी त्यावर स्वतः टिपण जोडून तो वर पाठवला, पुन्हा पाठवला, आणि एका बैठकीत उभं राहून वाचला. वेळ लागला, पण बदल झाला. खोक्याच्या नव्या आवृत्तीत लाल आणि हिरव्याबरोबर एक पांढरा दिवा आला. पंपाची ती एकसंध घरघर आवाजात सापडली किंवा काही नीट उमगलं नाही, तर तो लागे. पांढरा म्हणजे, मला सांगता येत नाही, माणूस पाठवा. यंत्राला 'मला माहीत नाही' म्हणायला शिकवणं शास्त्रज्ञांना सर्वांत अवघड गेलं, असं भंडारे हसून सांगत.

पांढरा दिवा आला त्या आठवड्यात इंदुमती ठाण्यात आल्या. हातात चकल्यांचा डबा आणि कागदात गुंडाळलेला एक ड्रेस होता. चकल्या ठाण्यानं उभ्या उभ्या संपवल्या. ड्रेस पाहून शाहीननं हात मागे घेतले.

"वर्दीत असं काही घेता येत नाही, मावशी."

"मग वर्दी नसताना घ्या."

"तेही नाही."

इंदुमती खुर्चीत बसल्या. "तुम्ही माझ्या शेजारी बसून पुण्याला आलात," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, तुम्हाला नको ते बोलले, तरी आलात. त्या ढोलेदादांनी सकाळचं काम सोडून माझ्या पोरीची नाडी बघितली. मला हे कुठेतरी ठेवायचंय. पोटात मावत नाही."

शाहीननं टोपी उचलली. मग म्हणाली, "माझ्याबरोबर एका ठिकाणी याल?"

गावाच्या दुसऱ्या टोकाला राजशेखर उमराणी या माणसाची पिठाची गिरणी होती. त्याचे वडील कोल्हापूरला त्याच्या बहिणीकडे राहत. जमिनीवरून बहीण-भावाचा दावा चालू होता, म्हणून बहिणीचे फोन तो घेत नसे. वडिलांच्याही छातीत असाच पंप बसला होता. त्यांनी मुलाला केलेले फोन जुन्या खोक्यानं लाल ठरवले होते आणि त्यानं ते ठेवून दिले होते. शाहीननं जुन्या नोंदी चाळताना हे शोधून काढलं, कोल्हापूरच्या पोलिसांना पाठवून खात्री केली, आणि दोनदा त्याला सांगायला गेली. त्यानं ऐकलं नव्हतं. लाल दिवा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

गिरणी चालू होती. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. राजशेखरच्या भुवयांवरसुद्धा पीठ बसलं होतं. शाहीनला बघून तो तिथूनच ओरडला, "मॅडम, माझं सांगून झालंय."

इंदुमती आत गेल्या आणि डब्यांच्या रांगेशेजारच्या स्टुलावर बसल्या. "मी पोलीस नाही," त्यांनीही आवाज चढवून सांगितलं. "माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, मारुतीच्या देवळाजवळ. माझ्या लेकीचा फोन मी तीनदा ठेवला. तीनदा लाल लागला होता."

त्यानं ज्वारी ओतायचं थांबवलं.

"मग?"

"मग काय? छातीत पंप आहे तिच्या. नाडी नाही. खोकं काय करणार?"

"आहे ती?"

"आहे. सकाळीच बोललो आम्ही. तुझे वडीलही आहेत. माणूस त्यांना बघून आलाय."

राजशेखरनं बाजूची कळ ओढली. पट्टा फटफटत मंदावला आणि थांबला. एकदम आलेल्या शांततेत तो कुणाकडेच बघत नव्हता.

"ते काय म्हणत होते फोनवर, मी ऐकलंच नाही," तो म्हणाला. "दिवा बघितला की ठेवायचो. आता मी जाऊन काय बोलू त्यांच्याशी?"

"मलाही सुचलं नव्हतं," इंदुमती म्हणाल्या. "पुण्यापर्यंत सुचलं नव्हतं. गेल्यावर बोलावं लागलंच नाही फारसं."

दळण न्यायला आलेली एक बाई दारात उभी होती. राजशेखरनं तिला उद्या यायला सांगितलं. मग तो पंच्यानं तोंड पुसू लागला, हात झटकू लागला, शर्ट झटकू लागला, आणि जितकं झटकावं तितकं पीठ हवेत उडून पुन्हा त्याच्यावरच बसत होतं.

"बाहेर जीप उभी आहे," शाहीन म्हणाली.

"आलोच. जरा आंघोळ करतो, कपडे बदलतो."

इंदुमतींनी उठून त्याच्या हातातला पंचा काढून घेतला.

"राहू दे ते पीठ," त्या म्हणाल्या. "तसाच चल."